रिकामी न परतणारी वाटी

स्टीलची भांडी विकत घेतली की दुकानातच त्यांवर नाव घालून घेण्याची रीत महाराष्ट्रातल्या घराघरांत होती. दुकानदाराकडचे ते छोटे यंत्र टरटर आवाज करीत वाटीच्या कडेखाली घरधन्याचे नाव कोरून देई. कधी त्याखाली तारीख, कधी लग्नाची वा बारशाची आठवण. आजच्या मुलांना या नावांचे नवल वाटते. आपल्याच घरातल्या वाटीवर आपलेच नाव कशाला, असे ती विचारतात. उत्तर सोपे आहे. ती वाटी घरात राहणारी नव्हतीच. ती शेजारी जाई, तिथून कधी आणखी एका दारी जाई, आणि आठवड्यानंतर भलत्याच घराच्या फडताळात सापडे. नाव होते म्हणून ती परत येई.

ती परत येताना रिकामी येत नसे. पुरणपोळी घेऊन गेलेल्या ताटलीत चार लाडू येत, आमटीच्या वाटीत कोशिंबीर येई, आणि घरात त्या दिवशी देण्याजोगे काहीच नसेल तर तळाशी चिमूटभर साखर घालून वाटी परत केली जाई. भांडे रिकामे परत करू नये, एवढाच तो नियम. मात्र त्याचा परिणाम मोठा होता. साखर आली म्हणजे देणे फिटले असे होत नसे. उलट पुढच्या वेळी काहीतरी पाठवण्याची पाळी आपल्यावर आली, असे दुसऱ्या घराला वाटे. हिशेब कधी पुरा होत नसे, आणि तो पुरा होऊ नये हीच त्या रिवाजातली खरी योजना होती.

शेजारधर्माविषयी बोलताना बहुतेकांचा सूर हळवा होतो. पूर्वीची माणसे प्रेमळ होती, आताची स्वार्थी झाली, असा निवाडा झटकन दिला जातो. तो खरा नाही. माणसे तीच आहेत. ती ज्या वाटांवरून रोज ये-जा करतात त्या वाटा बदलल्या आहेत.

मुंबईची चाळ पाहावी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या उभ्या राहिल्या, कोकणातून, घाटावरून, गुजरातेतून माणसे आली, आणि त्यांना ठेवण्यासाठी एका खोलीची घरे रांगेने बांधली गेली. गिरगावातल्या चाळींत खोल्यांपुढे लांब गॅलरी आणि खाली चौक असे. मुंबईतल्या सार्वजनिक गणेशोत्सवाचा आरंभ १८९३ साली झाला तो गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत, याचे त्या रचनेकडे पाहिल्यावर आश्चर्य वाटत नाही. मंडप घालावा असा चौक होता, आणि वरून पाहता येईल अशा गॅलऱ्या होत्या. सरकारी बीडीडी चाळींची रचना निराळी. १९२० नंतरच्या काही वर्षांत बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे त्या बांधल्या. एकूण २०७ चाळी, प्रत्येक मजल्यावर मधोमध एक बोळ, दोन्ही अंगांना समोरासमोर दारे, १६० चौरस फुटांची एकेक खोली. नळ आणि शौचकूप मजल्याला मिळून.

अशा ठिकाणी ओळख करून घ्यावी लागत नसे; ती टाळणेच अशक्य होते. पाण्याची वेळ एक, म्हणून रांग एक. दार दिवसभर उघडे, कारण बंद केले तर खोलीत हवा नाही. मजल्यावर एखाद्याच घरी टेलिफोन असे आणि त्याचा क्रमांक इतर दहा घरांच्या लग्नपत्रिकांवर 'पी. पी.' अशा अक्षरांसह छापलेला असे. रात्री नऊला गावाहून फोन आला की त्या घरातला मुलगा बोळातून धावत जाऊन हाक मारी. १९७२ साली मुंबईत दूरदर्शन आले तेव्हा तोच प्रकार. ज्याच्याकडे संच, त्याच्या खोलीत रविवारी संध्याकाळी अर्धी चाळ, आणि यजमान स्वतः दाराशी उभे.

हे सारे सुखाचे होते असे मानण्याचे कारण नाही. नळावर हंडे आपटून भांडणे होत. नवविवाहित जोडप्याला दोन शब्द एकांतात बोलायला जागा नसे. कोणाच्या घरी कोण आले, किती वाजता गेले, याची नोंद समोरच्या दारात ठेवली जाई, आणि तरुण मुलींना त्या नजरेचा जाच होई. काही दारे जातीपातीच्या कारणाने उघडी असूनही बंदच असत. रात्री आजारी माणसाला बोळाच्या टोकापर्यंत धरून न्यावे लागे, त्याची आठवण तिथे राहिलेल्या कोणालाही गोड वाटणार नाही. चाळीचे गोडवे गाणारे बहुतेक जण चाळ सोडून गेलेले असतात, हेही लक्षात ठेवलेले बरे.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या मनोऱ्यांतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फूट, स्वतःचे स्वयंपाकघर, स्वतःचे न्हाणीघर. तीन-चार पिढ्या एका खोलीत काढलेल्या घरांना हे किती मोठे आहे, ते बाहेरच्याने सांगण्याची गरज नाही. त्याच काळात मुंबई-पुण्यातल्या, सांगली-कोल्हापुरातल्याही, कितीतरी वाड्यांच्या आणि जुन्या इमारतींच्या जागी असेच मनोरे उभे राहिले. त्यांतल्या घरांना सर्व काही मिळाले, एक बोळ सोडून. लिफ्टचे दार उघडते, समोर चार बंद दारे असतात, प्रत्येकाला बाहेरचे पाहायला एक भिंग असते. तळघरातल्या वाहनतळापासून दिवाणखान्यापर्यंत माणूस कोणालाही न भेटता पोचतो. ही सोय म्हणूनच केलेली असते.

मैत्री स्वभावापेक्षा जिन्यावर अधिक अवलंबून असते, हे अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी १९५० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दाखवून दिले होते. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत जाऊन कोणाचा कोणाशी स्नेह आहे, ते विचारले. कुटुंबे तिथे आपल्या पसंतीने शेजार निवडून आली नव्हती. जे घर रिकामे झाले ते मिळाले होते. लगतच्या दाराशी स्नेह जुळल्याचे प्रमाण १०० संभाव्य जोड्यांत ४१ होते, एक दार सोडून पलीकडे २२, त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला अवघे १०. अंतर म्हणाल तर काही पावलांचे. वरच्या मजल्यावर जाणारा जिना ज्यांच्या दाराजवळून जाई, त्या खालच्या मजल्यावरच्या घरांना वरच्यांतले स्नेही इतरांपेक्षा अधिक लाभले. त्यांच्यात काही खास गुण नव्हते. लोक त्यांच्या दारावरून जात, एवढेच.

ही गोष्ट केवळ कुतूहलाची असती तर सोडून देता आली असती. पण तिच्यावर जीव अवलंबून असतो. जुलै १९९५ मध्ये शिकागो शहरात उष्णतेची लाट आली. पारा ४१ अंश सेल्सिअसच्या घरात गेला आणि काही दिवसांत नेहमीपेक्षा ७३९ माणसे अधिक दगावली. त्यांत म्हातारी, एकटी राहणारी माणसे फार होती. एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने पुढे या घटनेवर 'हीट वेव्ह' हा ग्रंथ लिहिला. त्यात शेजारशेजारच्या दोन वस्त्यांची तुलना आहे. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल, दोन्ही गरीब, दोन्हींत एकट्या वृद्धांचे प्रमाण जवळपास सारखे, ऊन तर एकच. तरी मृत्यूचे प्रमाण पहिल्या वस्तीत दुसरीच्या दहापट. पहिलीत दुकाने बंद पडलेली, घरे ओस, रस्त्यावर भीती. म्हातारी माणसे खिडक्या-दारे लावून आत बसली. दुसरीत पदपथावर वर्दळ होती, दुकाने चालू होती, त्यामुळे वृद्ध बाहेर पडत, दुकानात थंडाव्याला बसत, आणि एखादे दिवशी दिसले नाहीत तर कोणाच्या तरी लक्षात येई.

मुंबईने याची उजवी बाजू पाहिली ती २६ जुलै २००५ रोजी. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गाड्या थांबल्या, रस्ते बुडाले. त्या रात्री अनोळखी माणसांसाठी घरे उघडली गेली, तळमजल्यावरची कुटुंबे मुलाबाळांसह वरच्या मजल्यांवर जेवली-झोपली. ज्यांची आधीपासून तोंडओळख होती त्यांना हाक मारताना संकोच पडला नाही. टाळेबंदीच्या २०२० सालचे चित्र संमिश्र होते. कित्येक सोसायट्यांत तरुणांनी वृद्धांची औषधे आणली, भाजी वाटून दिली. काही इमारतींत मात्र रुग्णालयात राबून परतलेल्या परिचारिकेलाच दारात अडवण्यात आले. संकटात शेजार आपोआप उगवत नाही, आधी जे पेरलेले असते तेच वर येते.

भारतात २०११ च्या जनगणनेनुसार साठी ओलांडलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर होती. आता ती बरीच वाढली आहे. मुले पुण्याला, बंगळूरला, परदेशी. आई-वडील चौदाव्या मजल्यावर. पुढे त्यांतले एकच उरते. सदनिका स्वच्छ, हवेशीर, कर्जमुक्त असते, आणि दिवसातून एकदा केर-फरशीला येणाऱ्या बाईंखेरीज तिचे दार कोणी वाजवत नाही. तसे पाहिले तर आजच्या मनोऱ्यातला बोळ म्हणजे या बायाच आहेत. कोणाला बरे नाही, कोणाची सून माहेरी गेली, कोणाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली, हे सहा घरी काम करणाऱ्या बाईला ठाऊक असते आणि त्या सहा घरांना एकमेकांचे ठाऊक नसते. ज्या सोसायटीत त्यांना कामकरी लिफ्टने जा असे बजावले जाते, तिथे हा उरलेला धागाही मागच्या दाराने ये-जा करतो.

मग करावे काय? चाळ परत आणता येणार नाही, आणि कोणी आणूही नये. पण रोजची वाट थोडी वळवता येते. ज्या इमारतींत शेजार टिकून आहे तिथे सहसा मोठे समारंभ नसतात. काही लहान, ठरलेल्या गोष्टी असतात. एखादा बाक असतो, तो बागेच्या कोपऱ्यात शोभेसाठी नसतो, तर लिफ्टकडे जाणाऱ्या वाटेवर सावलीत असतो, म्हणजे भाजीची पिशवी टेकवायला माणूस थांबतो आणि दोन शब्द होतात. दुधाची पिशवी हे दुसरे साधन. सकाळी दाराला लटकलेली पिशवी नऊपर्यंत आत गेली नाही तर समोरच्या घराने घंटा वाजवायची, असा साधा करार दोन घरांत करता येतो. त्याला ठराव लागत नाही, खर्च लागत नाही. चाळीत आठ वाजेपर्यंत दार उघडले नाही की कोणीतरी कडी वाजवीच. हा करार म्हणजे तीच कडी. दुसरी चावी एका शेजाऱ्याकडे, औषधांची यादी आणि मुलांचे दूरध्वनी क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेले, एवढे असले तर रात्रीच्या दोन वाजता बराच वेळ वाचतो. वृद्धांसाठीची १४५६७ ही देशव्यापी मोफत मदतवाहिनी उपयोगी आहे, पण ती सहा पावलांवरच्या दाराची जागा घेऊ शकत नाही.

व्हॉट्सॲपच्या गटाने हे काम होईल असे पुष्कळांना वाटते. गटावर पाण्याच्या टाकीची सूचना कळते, वाढदिवसाचे पुष्पगुच्छ येतात, आणि वाहन चुकीच्या जागी लावले म्हणून जी भाषा समोरासमोर कोणी वापरणार नाही ती तिथे वापरली जाते. सूचनेसाठी तो उत्तम. तक्रार मात्र खाली उतरून, दार वाजवून करावी. निम्म्या तक्रारी उंबरठ्यावरच विरघळतात.

एकत्र जेवणाची गोष्ट जरा नाजूक आहे आणि तिच्याविषयी मोकळेपणाने बोललेले बरे. एकाच इमारतीत एका घरी कांदा-लसूण येत नाही, दुसऱ्या घरी मासळीवाचून रविवार होत नाही, तिसऱ्या घरी सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. याच कारणाने कित्येक जण शेजाऱ्यांच्या कार्यक्रमापासून लांब राहतात आणि त्यांच्याविषयी शिष्टपणाचा गैरसमज होतो. जुन्या मजल्यांवर बायकांनी हे कोडे फार पूर्वी सोडवले होते. कोणाकडे काय चालते हे त्यांना पाठ असे. जिथे शिजवलेले चालत नाही तिथे कैऱ्या जात, नारळ जाई, ओल्या शेंगा जात. वाटीऐवजी सूप जाई, एवढाच फरक. आजही स्नेहभोजन रात्री नवाऐवजी संध्याकाळी पाचला ठेवले, आणि प्रत्येक पदार्थापुढे त्यात बटाटा आहे की नाही, लसूण आहे की नाही, अशी चिठ्ठी लावली, तर कोणाला विचारत हिंडावे लागत नाही. ज्यांचे नियम कडक, त्यांनी ते हसतमुखाने आधीच सांगावेत. आणि दुसऱ्याच्या ताटावर मात्र भाष्य करू नये. नियम आपल्या जिभेसाठी असतो. त्याची भिंत करून भाडेकरूला घर नाकारणे किंवा जिन्यात नाक मुरडणे, यांतून नियम अधिक पवित्र होतो असे दिसत नाही. पंगत वेगळी असली तरी गप्पांची सतरंजी एक असू शकते.

पॅरिस शहराने या बाबतीत एक सोपा मार्ग काढला. १९९९ साली तिथल्या सतराव्या विभागात अतानास पेरिफाँ यांनी शेजाऱ्यांचा सण सुरू केला. त्यामागची कहाणी उदास आहे : त्यांच्या परिसरातल्या एका वृद्धेचे निधन झाल्याचे काही महिन्यांनी लोकांना कळले होते. सणाला वर्गणी नाही, व्यासपीठ नाही, प्रमुख पाहुणे नाहीत. मे महिन्याच्या अखेरीस एका संध्याकाळी ज्याने त्याने घरून एक पदार्थ आणायचा आणि अंगणात किंवा जिन्याच्या पायथ्याशी उभ्याउभ्या खायचा. आज तो फ्रान्सबाहेरच्याही अनेक देशांत होतो. महाराष्ट्रात ध्वनिक्षेपकाशिवाय काही करायचे ही कल्पना कठीण वाटेल. पण कोजागरीला गच्चीवर दूध आटवणारे, संक्रांतीला तिळगूळ घेऊन वीस दारे वाजवणारे लोक इथलेच आहेत. तिळगुळाच्या दिवशी ज्या दारावर कधी गेलो नाही तिथे जाण्यासाठी निमित्त शोधावे लागत नाही. गेल्या काही वर्षांत तिळगूळही चित्ररूपाने गटावर पाठवण्याची प्रथा पडली आहे, हा मात्र सणावरचा अन्याय आहे.

नव्याने राहायला आलेल्यांची अडचण वेगळी. मालक सभासद असतो, त्याला नोटीस जाते, तो सभेला येतो. भाडेकरू अकरा महिन्यांचा पाहुणा समजला जातो, आणि अकरा महिन्यांच्या माणसाशी ओळख कशाला वाढवावी असा विचार होतो. करार तीनदा वाढतो, मूल शाळेत जाऊ लागते, तरी तो 'सहाशे तीनवाले' म्हणूनच ओळखला जातो. सामानाचा टेंपो खाली उभा असताना पाण्याचा तांब्या आणि चहा घेऊन जाणे ही जुनी रीत होती. त्या दिवशी गॅस जोडलेला नसतो, डबे उघडलेले नसतात. चहाची जी किंमत तेव्हा असते ती नंतर कधीच नसते. त्याच वेळी पाणी किती वाजता येते, इस्त्रीवाला कोणता, जवळचा डॉक्टर कुठे, हे सांगून झाले की परकेपण निम्मे सरते.

मुलांना हे शिकवावे लागत नाही, त्यांना फक्त खाली जाऊ द्यावे लागते. इमारतीच्या आवारात चेंडू खेळू नये अशी पाटी जिथे असते तिथे मोठ्यांचीही ओळख कमी असते, असे सहज फिरताना दिसते. काचेची भीती खरी आहे. पण जाळी बसवता येते, वेळ ठरवता येते. मुले एकमेकांच्या घरी पाणी प्यायला जातात, त्यांना हाका मारायला आया गॅलरीत येतात, आणि मुलांमागोमाग घरे जोडली जातात.

महाराष्ट्रातल्या प्रत्येक सहकारी गृहनिर्माण संस्थेला ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. बहुतेक ठिकाणी ती गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब होते, मग गळती, रंगकाम आणि थकबाकी यांवर दोन तास चालते, आणि सामोसा खाऊन लोक पांगतात. वर्षातून एकदा सारी घरे एका खोलीत येतात ती हीच वेळ. तहकुबीचा अर्धा तास तसाही रिकामाच असतो. खुर्च्या रांगेने न मांडता गोल मांडल्या, प्रत्येकाने सदनिकेचा क्रमांक न सांगता नाव आणि मूळ गाव सांगितले, भाडेकरूंनाही चहापुरते बोलावले, तर तो वाया जात नाही. आणि विषयपत्रिकेत शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे इतर विषय' असतात, त्यांत बाकाचा विषय घालता येतो. कोणीतरी अग्निशमनाच्या नियमाची आठवण देईल, आणि ती योग्यच आहे. जिना आणि लिफ्टपुढची जागा मोकळीच राहिली पाहिजे. बाक फाटकापासून लिफ्टकडे येणाऱ्या वाटेवर, जांभळाच्या झाडाखाली ठेवता येईल. तिथे दुपारी चारनंतर सावली असते.